वादा, वडा आणि बिनाका

मंडळी, आजच्या लेखाची सुरुवात एका कबुलीने. मी एका गाण्याचा खून केलाय. साल २०१४, ठिकाण लातूर, हत्यार नऊ हजार रुपयांचा मोबाईल. प्रेताची विल्हेवाट लावायला एक ऑटो होता, त्यावर भोंगा होता, आणि तो सगळ्या गावातून फिरला. म्हणजे पुराव्याची कमी नाही.

मी मूळचा नांदेडचा. दहावीला बरे मार्क पडले की आमच्याकडे मुलाला लातूरला टाकतात. 'लातूर पॅटर्न' हा शब्द तुम्ही ऐकला असेलच. माझं नशीब एवढंच की मला होस्टेल, मेस वगैरे भानगडी नव्हत्या, कारण लातूर म्हणजे आजोळ. आजोबा, मामा, मामी आणि मामाचा मुलगा. याला मी दादा म्हणतो. दादाचं शिक्षणात मन रमलं नाही. बारावीनंतर दोन-तीन धंदे करून झाले आणि मग त्याने ट्यूशन एरियात एक गाडा टाकला. सकाळी वडापाव, संध्याकाळी निलंगा राईस. (निलंगा राईस माहीत नसेल तर तुमच्या आयुष्यात एक पोकळी आहे, एवढंच सांगतो. तो भात कसा असतो हे पुण्यातल्या मित्रांना समजावणं मी सोडून दिलंय.)

पण ट्यूशन एरियात गाडे शंभर. गिऱ्हाईक म्हणजे माझ्यासारखी अकरावी-बारावीची पोरं, खिशात वीस रुपये. दादा म्हणाला, "तू कविता-बिविता करतोस ना, मला एक जाहिरात करून दे. ऑटोवर फिरवायची."

आता वडापाववर जाहिरात. आणि आमच्या घरात रोज कुठलं गाणं ऐकू यायचं, तर 'ताजमहाल' सिनेमातलं. साहिर, रोशन, लता, रफी. ज्या गाण्यात 'वादा' हा शब्द येतो तेच. आजोबा दाढी करताना ते गुणगुणायचे. वादा आणि वडा, यात फार फरक नाही, एक काना काढला आणि द चा ड केला की झालं. सतरा वर्षांच्या पोराला एवढं पुरे होतं. मी अर्ध्या तासात आठ ओळी पाडल्या, नेटवरून कराओके ट्रॅक उतरवला, मोबाईलवर गायलो आणि पेनड्राइव्हमध्ये भरून दादाला दिलं. काय सांगू मंडळी, आठवड्यात गाड्यासमोर रांग. पोरं गाडा शोधत यायची आणि ऑर्डरच गाऊन द्यायची. माझ्या आयुष्यातलं पहिलं प्रॉडक्शन रिलीज आणि तेही हिट!

चौथ्या की पाचव्या दिवशी ऑटो आमच्या गल्लीत आला. आजोबा ओट्यावर बसले होते. त्यांनी पूर्ण ऐकलं. ऑटो वळून गेला तरी बसून राहिले. मी आतून बघत होतो. रात्री जेवताना ते एवढंच म्हणाले, "तिसऱ्या ओळीत मात्रा जास्त झाल्यात तुझ्या." सगळे हसले, मीपण हसलो. दुसऱ्या दिवशी दाढी करताना ते काहीच गुणगुणले नाहीत. त्यानंतर कधीच नाही, निदान ते गाणं तरी नाही. हे माझ्या लक्षात यायला मात्र मला बरेच महिने लागले.

आजोबा आता नाहीत. गेल्या महिन्यात वर्षश्राद्धाला गेलो तेव्हा मामाने त्यांची एक वही माझ्या हातात ठेवली. त्या वहीने हा लेख लिहायला लावलाय.

आजोबा गंजगोलाईत एका आडत दुकानावर मुनीम होते. सोळा रस्ते येऊन मिळतात ती गोलाई, तुरीच्या पोत्यांचा वास, सगळं तेच. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका. लातूर जिल्हा झाला १९८२ मध्ये. वही म्हणजे लाल कापडी बांधणीची खतावणी, दुकानातूनच आणलेली. पण आत तुरीचे भाव नाहीत. डावीकडे तारीख, मग आकडे, आकड्यांपुढे गाणी. प्रत्येक तारीख बुधवारची.

ज्यांचे आई-वडील साठीच्या पुढचे आहेत त्यांनी ओळखलं असेल. बुधवार, रात्री आठ, रेडिओ सिलोन, बिनाका गीतमाला. हॉटेलात एक हाफ चहा घेऊन तास काढायचा, कारण रेडिओ घरी नव्हता. रेडिओ घ्यायचा म्हणजे वर लायसन्सही काढावं लागायचं. मालक ओरडू नये म्हणून अर्ध्या तासाने दुसरा हाफ. आजोबांच्या वहीत १९६३ च्या शेवटच्या पानावर त्या वर्षीच्या पहिल्या नंबरच्या गाण्याभोवती लाल शाईने चौकट आहे. कुठलं गाणं, ते वेगळं सांगायला नको. वाद्याचंच. आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. कोपऱ्यात पेन्सिलने आजीच्या माहेरच्या गावाचं नाव लिहिलंय. बस, तेवढंच.

आता ही गीतमाला म्हणजे मुळात काय होती? टूथपेस्टची जाहिरात! बिनाका हा सीबा या स्विस कंपनीचा ब्रँड. आणि ही जाहिरात आपल्याला सिलोनवरून ऐकावी लागली, याला कारण एक मराठी माणूस.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. पुण्याचे, संगीताचे खरे दर्दी. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं ते केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीत सामान्य माणसापर्यंत न्यायचं ही त्यांची तळमळ, आणि सिनेमाची गाणी म्हणजे पोरांच्या कानावर होणारा कुसंस्कार हे त्यांचं ठाम मत. आकाशवाणीवरचा फिल्मी गाण्यांचा वेळ कमी होत गेला. त्यातही एक वाद मला फार मजेदार वाटतो. आकाशवाणीने ठरवलं की गाणं लावताना गायकाचं नाव सांगू, सिनेमाचं नाव सांगणार नाही. का? तर सिनेमाचं नाव घेणं म्हणजे त्या सिनेमाची फुकट जाहिरात! निर्माते भडकले आणि त्यांनी गाणी वाजवायचे परवानेच मागे घेतले.

म्हणजे बघा, 'गाणं' आणि 'जाहिरात' यांच्यामध्ये रेघ कुठे मारायची हे भांडण आपल्याकडे सत्तर वर्षं जुनं आहे. आणि केसकरांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असंही नाही. सिनेमाचं गाणं जन्माला येतं तेच सिनेमाचं तिकीट विकायला. आजोबांचं आवडतं गाणंसुद्धा १९६३ मध्ये 'ताजमहाल'ची जाहिरात होतंच की.

इकडे आकाशवाणीने दार लावलं आणि तिकडे सिलोनने खिडकी उघडली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेला जबरदस्त ट्रान्समीटर त्यांच्याकडे होता, शॉर्टवेव्हवर आख्खा भारत टप्प्यात. ३ डिसेंबर १९५२ ला गीतमाला सुरू झाली. निवेदक अमीन सयानी, वय वर्षं एकोणीस. पुढे गाण्यांना क्रमांक आले, 'पायदान' हा शब्द आला, वर्षाचं 'सरताज गीत' आलं. बिनाकाचं पुढे सिबाका झालं, पण कार्यक्रम रेडिओ सिलोन आणि नंतर विविध भारती असा १९९४ पर्यंत चालला. कित्येक घरांत टूथपेस्ट आली नसेल (आजोबा शेवटपर्यंत काळं दंतमंजनच लावायचे), पण टूथपेस्टचं नाव आलं.

दिल्लीलाही हे कळायला वेळ लागला नाही. ३ ऑक्टोबर १९५७ ला, केसकर मंत्री असतानाच, विविध भारती सुरू झाली. आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरून विविध भारतीवर चक्क जाहिराती लागल्या. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवरही. जे थांबवायला दहा वर्षं घालवली, ते शेवटी स्वतःच दर लावून विकायला काढलं. सरकार कुठलंही असो, हा पॅटर्न काही बदलत नाही.

पण गीतमालेत एक गोष्ट होती. जाहिरात गाण्याच्या शेजारी बसायची. गाणं संपलं की टूथपेस्ट, टूथपेस्ट संपली की गाणं. साहिरच्या शब्दाला कुणी हात लावत नव्हतं. पुढे जाहिरातींनी स्वतःची गाणी तयार केली, जिंगल्स. निरमा, विको, हमारा बजाज. वनराज भाटियांसारखा माणूस, ज्याने 'अंकुर' आणि 'भूमिका'ला संगीत दिलं, त्याने जिंगल्सही हजारोंनी केल्या. 'लिरिल'ची त्यांचीच. ही मला सगळ्यात प्रामाणिक पद्धत वाटते. विकायचंय ना, मग स्वतःचं गाणं आणा. ते गाणं पहिल्या दिवसापासून साबणाचंच असतं, त्याचा कुणाच्या आजीशी संबंध नसतो.

तिसरी पद्धत म्हणजे मी केली ती. आधीच कुणाचंतरी असलेल्या गाण्याच्या आत जाऊन बसायचं.

यातही मोठी माणसं आहेत बरं का. १९५४ मध्ये 'पहली तारीख' नावाचा सिनेमा आला, दिग्दर्शक राजा नेने. त्यात किशोरकुमारचं एक धमाल गाणं आहे, पगाराच्या दिवसावर. संगीत कुणाचं असेल? सुधीर फडके! हो, आपले बाबूजी. पुढच्याच वर्षी, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. एकाच माणसाच्या चाली. एक केसकरांच्या आकाशवाणीवर घराघरात उदबत्ती लावून ऐकली गेली आणि दुसरी रेडिओ सिलोन दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी लावायचं. हे एक तारखेचं गाणं ऐकून आजोबांना हसू यायचं, कारण आडतीत पगार एक तारखेला झाला तर ती बातमी असायची.

हेच गाणं २००० च्या दशकाच्या शेवटी कॅडबरीने जाहिरातीत घेतलं. पगार झाला, तोंड गोड करा. बाबूजी २००२ मध्ये गेले होते. ती जाहिरात मी शाळेत असताना टीव्हीवर पाहिली आणि मला ते गाणं चॉकलेटचंच वाटायचं. मी मोठ्या रुबाबात आजोबांना म्हटलं होतं, "आजोबा, तुम्ही चॉकलेटचं गाणं का म्हणताय?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बस. तेव्हा ते गाणं त्यांच्याकडून हिरावलं गेलं होतं की माझ्यापर्यंत पोचलं होतं? मला अजून ठरवता येत नाही. ती जाहिरात नसती तर १९५४ चं गाणं नांदेडच्या दहा-बारा वर्षांच्या पोराला कशाला माहीत असतं?

पण यातला सगळ्यात भन्नाट किस्सा हॅम्बर्गरचा आहे, आणि त्याचं दुसरं टोक आपल्या पुण्यात आहे.

१९२८ मध्ये बर्लिनला ब्रेख्तचं 'थ्री पेनी ऑपेरा' आलं, संगीत कुर्ट वाइलचं. चोर, भिकारी, लाचखाऊ पोलीस, आणि वरून प्रश्न असा की यांच्यात आणि प्रतिष्ठित व्यापाऱ्यांत फरक तो काय? त्याच्या सुरुवातीला रस्त्यावरचा गायक मॅक नावाच्या चाकूवाल्याचे गुन्हे एकेक करून सांगतो. खून, आग, सगळं. चाल मात्र अशी की पाय ठेका धरतोच. हेच 'मॅक द नाइफ'. १९५५ मध्ये लुई आर्मस्ट्राँगने गायलं, १९५९ मध्ये बॉबी डॅरिनने, आणि डॅरिनचं अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं. १९७८ मध्ये पु. लं.नी या नाटकाचं मराठी रूप केलं, 'तीन पैशाचा तमाशा'. थिएटर ॲकॅडमी, पुणे, दिग्दर्शक जब्बार पटेल, आणि मॅकच्या जागी नंदू भेंडे, आपला पहिला रॉकस्टार म्हणावा असा गडी.

आणि १९८६-८७ मध्ये अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सला काय वाटलं, की लोक रात्रीच्या जेवणाला आपल्याकडे येत नाहीत. म्हणून त्यांनी चंद्रकोरीच्या डोक्याचा, काळा गॉगल लावलेला, पियानो वाजवणारा एक बाहुला काढला, 'मॅक टुनाइट'. गाणं? 'मॅक द नाइफ'ची चाल, शब्द बदलून. नाव जुळतंय ना, मॅक आणि मॅक! वादा आणि वडा! हे वाचलं तेव्हा मी ऑफिसात एकटाच हसत सुटलो. एवढी मोठी कंपनी, एवढे मोठे जाहिरातवाले, आणि डोकं चाललं ते लातूरच्या सतरा वर्षांच्या पोरासारखंच. भांडवलशाहीला शिव्या घालणाऱ्या नाटकातलं खुन्याचं गाणं, आणि त्यावर बर्गर खपतोय.

खटला झालाच. पण ब्रेख्तच्या बाजूने कुणी आलं नाही. १९८९ मध्ये बॉबी डॅरिनच्या मुलाने दावा लावला, की माझ्या वडिलांच्या गाण्याच्या ढंगाची ही नक्कल आहे. डॅरिनने ना ते गाणं लिहिलं होतं ना चाल बांधली होती. पण मुलासाठी ते वडिलांचं गाणं होतं. थोड्याच काळात चंद्र मावळला.

कायदा काय म्हणतो? मी इंजिनियर माणूस, वकील नाही, पण सॉफ्टवेअर लायसन्स वाचून वाचून थोडी सवय झालीये. आपल्याकडे शब्द आणि चाल यांवरचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. रोशन गेले १९६७ मध्ये, म्हणजे चाल २०२७ च्या अखेरीस मोकळी होईल. साहिर गेले १९८० मध्ये, म्हणजे शब्द २०४० अखेर. रेकॉर्डिंगचा हिशोब वेगळा, प्रकाशनापासून साठ वर्षं. थोडक्यात, २०१४ मध्ये मी आणि दादा सरळसरळ गुन्हेगार होतो. त्यात साहिर म्हणजे गीतकाराचं नाव रेडिओवर घेतलंच पाहिजे म्हणून भांडलेला माणूस. गंमत म्हणजे १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सिनेमाच्या गाण्याचा मालक निर्माता असं ठरवलं होतं. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा पक्का हक्क मिळाला तो थेट २०१२ च्या दुरुस्तीने. कलम ५७ तर असंही म्हणतं की हक्क विकले तरी, कलाकृतीची मोडतोड होऊन निर्मात्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागत असेल तर तो दाद मागू शकतो.

पण या सगळ्या कायद्यात ऐकणारा कुठेच नाही. साहिरला कलम आहे, निर्मात्याला कलम आहे. हॉटेलात दोन हाफ चहा पिऊन गाणं वहीत उतरवणाऱ्या मुनिमाला काय आहे?

दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा फारच हळवा झाला. दुसऱ्याची चाल उचलणं हे आपल्याकडे पापच नव्हतं कधी. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं उघडा, पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून आधीच्या एखाद्या पदाचं नाव छापलेलं असतं. लावणीची चाल कीर्तनात, कीर्तनातली नाटकात. आंबेडकरी जलशांनी लोकांच्या ओठांवरच्या चाली घेतल्या आणि त्यांतून गावोगाव माणसं जागी केली. आमच्या नांदेडच्या गल्लीत गणपतीत सिनेमाच्या चालीवर आरत्या होतात आणि गणपतीने अजून तक्रार केलेली नाही. चाल म्हणजे आपल्याकडे कायम ओपन सोर्सच.

मग माझ्या आठ ओळींत वेगळं काय होतं? मी बराच विचार केला. जलशात जुनी चाल नवा अर्थ वाहून न्यायची, ऐकणाऱ्याला काहीतरी द्यायची. माझ्या जाहिरातीने फक्त घेतलं. त्या चालीशी जोडलेला आजोबांचा एकोणीस वर्षांचा काळ मी वीस रुपयांच्या भुकेला जोडून टाकला. आणि आठवणीचं कसं असतं, त्यात जुनं व्हर्जन परत आणता येत नाही. शेवटी ऐकलेलंच राहतं.

दादाचा गाडा २०१६ च्या उन्हाळ्यात बंद पडला. आठवतं ना, तेच वर्ष, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं. प्यायला पाणी नाही तिथे भांडी कशाने धुणार? दादा पुण्याला आला, आता ट्रान्सपोर्टच्या धंद्यात बरा आहे. वडा गेला, जाहिरात मात्र राहिली. वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाल्यावर मामाने मोबाईलवर आजोबांचं आवडतं म्हणून तेच गाणं लावलं. लताबाईंचा आवाज सुरू झाला आणि दादाच्या सहा वर्षांच्या पोरीने वड्याचे शब्द खणखणीत म्हणून दाखवले. बापाने शिकवलेले असणार. सगळे हसले. मला नाही हसता आलं.

२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानी गेले, ती बातमी मीच आजोबांना फोनवर सांगितली होती. थोडा वेळ शांत राहिले. मग म्हणाले, "तुझी ती जाहिरात त्याला ऐकवायला पाहिजे होती. कितव्या पायदानवर ठेवली असती त्यानं?" मी म्हटलं, "आजोबा, सॉरी हो. तुमचं गाणं खराब केलं मी." तर म्हणाले, "गाणं कशाला खराब होतंय बे. मीच म्हणायचं सोडलं. म्हणायला लागलं की तोंडात वडाच यायचा अन् हसू फुटायचं. तुझी आजी काय म्हणली असती?"

म्हणजे ते रागावले नव्हते. दहा वर्षं मी समजत होतो तसं काहीच नव्हतं. पण गाणं गेलं ते गेलंच.

वही आता माझ्याकडे आहे. बारा-पंधरा पानं कोरी आहेत. दादाच्या पोरीला पुढच्या सुट्टीत मूळ शब्द शिकवायचे असं ठरवलंय. अर्थ कळणार नाही तिला, पण वडा काढून वादा परत ठेवायचा एक प्रयत्न. बघू, चढतंय का.

असो. रविवार संपत आलाय, उद्या सकाळी नऊला कॉल आहे. आणि खरं सांगू? हे सगळं लिहिताना भूक लागलीये, आणि डोक्यात कुठल्या ओळी वाजतायत ते विचारू नका.